लटारूचं प्लास्टर

"खिडकी वासवाल्याले, अन् भिंत आमाले. मस्त इन्साफ आहे दवाखान्याचा!"

सुकलू हे भिंतीकडे तोंड करून बोलला. पण दोन खाटांमध्ये एक तांब्या मावेल एवढीच जागा, तेव्हा भिंतीच्या आधी ते रंभेच्या कानात गेलं. पोटाला टाके पडल्यापासून सुकलूला हसायची, खोकायची, शिंकायची मनाई होती. कुरकुरीला मात्र टाके आड येत नव्हते, आणि तो आपला दिवस तिच्यावरच काढत होता.

"खिडकी पायजे का, भाऊ?" खिडकीजवळच्या खाटेवरून लटारूनं विचारलं. "घेऊन घे ना. पन पायासंगच घ्या लागते. सुटी भेटत नाई."

सुकलूला हसू फुटलं आणि तो पोट धरून कळवळला. "हसवू नको बे! मारतं का मले?"

रंभा हसली नाही. नवऱ्याचे विनोद वाढले की त्याला एक तर ताप असतो, नाही तर काही लपवायचं असतं, हे ती संसार करता करता शिकली होती. तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला. ताप नव्हता.

तिनं पायावरचं फडकं सोडलं. गुडघ्याखाली, नडगीच्या मधोमध, जिथं देवानं सांधा दिलेला नाही तिथं तो पाय वाकत होता. मधे वालाच्या दाण्याएवढं भोक, त्यातून पू. अधूनमधून मासळीच्या काट्यासारखी हाडाची कपची वर येई. ती कशी ओढायची हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तलावावर मासे धरणाऱ्या घरात जन्म आणि तलावाच्याच घरात लग्न. काटे काढण्यातच तिचे हात वाढले होते.

"रंभे."

"काय?"

"आज मोठ्या भाऊची प्रेमिला येऊन राह्यली. तिचा सासरा भी येईन संग. तू काई बोलजो नको."

"मी कवा बोलतो?"

"शपत घातली हाये मी तुले. ध्यानात ठेव."

ध्यानात होती. त्याच्या गळ्याची शपथ होती, विसरणार कशी? तिनं नवं फडकं गुंडाळलं आणि गाठ जरा जास्तच आवळली. लटारू "हाय रे" म्हणाला, आणि ती गाठ कशाबद्दल होती हे त्याला बरोबर कळलं.

सकाळी डॉक्टर घाटे येऊन गेले होते. उंच, वाकलेला, लढाईत बर्म्याकडे जाऊन आलेला माणूस. हाडांचं काम तिथंच शिकले म्हणत. त्यांनी पायाचा फोटो त्याच खिडकीच्या उजेडात धरला आणि नानाजीला जवळ बोलावलं. नानाजी लटारूचा थोरला भाऊ, तेव्हा घरातर्फे ऐकायचं काम त्याचं.

"हे हाड जुळलेलं नाही. मधला तुकडा मेला आहे. मेलेलं हाड आत ठेवून जखम भरत नाही, नानाजी."

"मंग काय करा लागते, साहेब?"

"एक रस्ता आहे. पाय उघडायचा, मेलेलं सगळं खरवडून काढायचं, आणि वरून प्लास्टर घालून सोडून द्यायचं. वास सुटेल, पू झिरपेल, पण हात लावायचा नाही. आत लाल लाल मांस भरून येतं. ते आलं की मग कमरेच्या हाडाचा तुकडा काढून मधे बसवायचा. वर्ष जाईल त्यात."

"थेच करा ना मंग."

"त्याची पहिली पायरी उन्हाळ्यातच केली होती ना मी? जखम साफ केली, प्लास्टर घातलं, दोन महिने उघडू नका म्हटलं. तुम्ही सांगता ते पूर्ण दिवस राहिलं, आणि मग पावसात भिजून गळालं." डॉक्टरांनी फोटो खाली केला. "पूर्ण दिवस राहूनही आत हेच असेल, तर या पायाला ते मानवत नाही. मग मी याला वर्षभर का सडवू? एखाद्या दिवशी विष रक्तात चढलं तर पायाबरोबर माणूस जायचा." ते फोटो पाकिटात घालू लागले. "मधेच कुणी काढलं असतं तर गोष्ट वेगळी होती. मी पुन्हा एकदा करून पाहिलं असतं."

नानाजी फरशीकडे पाहत होता. "नाई साहेब. आपोआपच गळलं."

"मग गुडघ्याखालून काढू. संध्याकाळी अंगठा द्या. उद्या सकाळी करू."

रंभा दाराआड उभी होती, पदर हनुवटीपर्यंत ओढून. नानाजी तिचा भासरा. नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर धाकट्या सुनेनं तोंड उघडायचं नाही. काही सांगायचं असलं तर मोठ्या जावेच्या कानात सांगायचं, आणि मोठ्या जावेनं ते पुढं पोचवायचं. लग्न होऊन आल्यापासून रंभेचा आवाज नानाजीच्या कानावर पडला असेल तो कुडाच्या पलीकडून, कोंबड्या हाकलताना. मधली वाट म्हणजे नानाजीची बायको रुखमाबाई, आणि त्या वाटेवर प्रत्येक शब्दाला थोडी मीठ-मिरची लागायची. "तेल संपलं," असं रंभेनं सांगितलं की नानाजीपर्यंत "धाकटी तेल सांडते" असं पोचे. संसार त्यावरही चालला. भांडण व्हायचं, पण तेल यायचं.

आज सकाळी मात्र ती जावेच्या कानाशी म्हणाली होती, "बाई, साहेबाले सांगा. आता तरी सांगा."

"सांगतो," रुखमाबाई म्हणाली होती.

आणि सांगितलं नव्हतं.

*

वॉर्डाच्या मागं, पत्र्याच्या सावलीत, रोग्यांच्या नातेवाइकांच्या चुली होत्या. तीन-तीन दगड मांडलेले, आणि दगडांवरून रोज एक भांडण. रुखमाबाई लाखोळीची डाळ घोटत होती. घोटणं केव्हाच झालं होतं, पण हाताला काम नसलं की रंभा बोलायला लागेल, म्हणून ती घोटतच होती.

रंभा तरीही बोलली.

"तुमी सांगतो म्हनलं होतं, बाई."

"सांगतो म्हनलं ना! आत्ताच सांगू का? पोरगी येऊन राह्यली, तिचा सासरा येऊन राह्यला. त्याइच्या म्होरं सांगू?"

"संध्याकाळी अंगठा हाये."

"मले मालूम हाये."

"उद्या पाय जाईन."

"पाय गेला तर लाकडाचा बसवून देतेत," रुखमाबाई फटकन म्हणाली. "पोरगी घरी वापस आली तर तिले कोन बसवून देते?"

हे आपल्या तोंडून गेलं याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. पण रुखमाबाई बोललेलं मागं घेणाऱ्यातली नव्हती. तिनं चुलीत फुंकर घातली आणि डोळे पुसले. धूर होता, म्हणून बरं.

तो दिवस तिला तोंडपाठ होता. वैशाखात तलाव आटला तशी गावातली पुरुषमाणसं आलापल्लीला सागाच्या कामावर गेली. लटारू जायला तयार नव्हता. नानाजीनं त्याला धाडला. तिथं ओंडका घरंगळला आणि नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. चांद्याला नेऊन प्लास्टर घातलं, मांडीपासून बोटांपर्यंत. घरी आणलं आणि मग तो वास सुरू झाला. पहिल्यांदा माश्यांना कळला, मग कुत्र्यांना, मग गावाला. डॉक्टर म्हणाले होते वास येईल. पण असा वास येईल आणि तो चांगला असेल, हे कुणाच्या डोक्यात शिरणार? आणि त्यातच निरोप आला की चामोर्शीचे पाहुणे तिच्या प्रेमिलेला पाहायला येतात.

गावात एका घरच्या पोरीची दोन स्थळं मोडली होती. का, तर तिच्या आज्याच्या हाताची बोटं झडली होती. महारोग. तो शब्द कुणी मोठ्यानं म्हणत नसे, पण पाहुणे उंबऱ्यावर नाक मुरडून आत पाहत, आणि पाणी न पिता उठत.

नानाजी पाहुण्यांना आणायला नदीच्या घाटावर गेला होता. रुखमाबाईनं कढत कडुनिंबाचं पाणी ओतून प्लास्टर भिजवलं. मग घरातला मोठा विळा घेतला.

"काढा वयनी," लटारूच म्हणाला होता. "पोरीचं जमू द्या. पाय काय, पाहुने गेले का हाडवैद्यापाशी पुन्ना बांधून घेऊ."

त्यांना खरंच तसं वाटलं होतं. बांधलेलं सोडायचं, सोडलेलं बांधायचं. जाळ्याचं काम करणाऱ्या घरात दुसरं काय वाटणार? रंभेनं पाय धरला. विळा खरखरत गेला. प्लास्टर दोन फाकांत उघडलं आणि आत...

रुखमाबाई इथं नेहमी थांबायची. आत लाल होतं. ओलं, डाळिंब फोडल्यासारखं लाल. "अगो माय, कच्चं मांस!" असं ती ओरडली होती. मग तिनं स्वतःच्या हातानं ते निंबाच्या पाण्यानं घासून काढलं, रक्त येईपर्यंत, हळद भरली, आणि बांबूच्या कामट्या बांधून वर नवं धोतर टाकलं. पाहुणे पाणी प्यायले. चहाही प्यायले. पावसाच्या आधी लग्न लागलं. लाल म्हणजे चांगलं, हे आज सकाळी डॉक्टर बोलले तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं.

"डाळ करपली, बाई," रंभा हळूच म्हणाली.

*

प्रेमिला आणि तिचा सासरा केवळराम दुपार कलल्यावर पोचले. वैनगंगा डोंग्यानं ओलांडायची, मग मूलपर्यंत बंडी, मग मोटार; प्रेमिलेला पाचवा महिना, तिचा चेहरा उतरला होता. नानाजी त्यांना घ्यायला फाटकापर्यंत गेला. व्याह्याच्या हातातली पिशवी त्यानं इतक्या घाईनं घेतली की केवळराम म्हणाला, "अजी, राहू द्या. सुकट हाये. पळून नाई जात."

नानाजी हसला. पिशवी घेऊन तो पुढं निघाला. त्या दिवशी तो घाटावरून पाहुण्यांना घेऊन आला, तर अंगणात उकळलेल्या निंबाचा वास आणि लटारूच्या पायावर कोरं धोतर. त्यानं बायकोकडे पाहिलं होतं. बायकोनं त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. त्यानं काही विचारलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. न विचारलेल्या गोष्टीबद्दल माणूस खोटं बोलतो की नाही, याचा निवाडा त्यानं स्वतःपुरता केला होता. पण सकाळी डॉक्टरांपुढं तो निवाडा फारसा टिकला नव्हता. लटारूला आलापल्लीला कुणी धाडलं होतं, हेही त्याला कुणी विचारत नव्हतं. त्याचं काम फक्त अंगठा उठवण्याचं होतं.

वॉर्डात आल्यावर केवळरामानं स्टूल नाकारलं आणि थेट लटारूच्या खाटेवर बसला, त्या पायाच्या अगदी शेजारी. सुकलूनं नाकाला लावलेला पंचा जरा खाली घेऊन पाहिलं. रुखमाबाई तर पाहतच राहिली. व्याह्याचा हात नाकाकडे गेला नाही. रुमाल निघाला नाही.

"इवाईभाऊ, तिकडं बसा ना," ती घाबरून म्हणाली. "तिथी... जरा वास येते."

"येऊ द्या ना." केवळरामानं पाय खाटेवर घेतले. "जनमभर चामोर्शीच्या बाजारात मासे इकले मी. मायी बायको म्हने, तुमचा वास आधी घरी येते, तुमी मंग येता. आमाले वासाचं काय भेव?"

लटारू खदखदून हसला. सुकलू पोट धरून "हसवू नका रे" म्हणाला.

रुखमाबाई हसली नाही. ती खाटेची दांडी धरून उभी राहिली. हा माणूस. या माणसासाठी. त्या दिवशी दारात उभं राहून "घरात जखमी माणूस आहे, वास येईल," एवढं सांगितलं असतं, तर हा असाच येऊन बसला असता. किंवा नसता बसला. आता कसं कळणार?

प्रेमिला खाली बसून काकाचा चांगला पाय दाबत होती.

"काका, बहुत दुखते का?"

"दुखते तो पाय तिकडचा. तू दाबून राह्यली तो इकडचा. त्याले मजा हाये."

"सांगा ना खरं."

"पोरगा झाला तर लटारू नाव नको ठेवजो, एवढंच खरं." त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "लाकडाचा पाय भेटनार हाये मले. तलावात उतरलो का तरंगतो बघ कसा."

प्रेमिलेनं मान खाली घातली. त्या दिवशी ती आतल्या खोलीत होती. केसांना तेल लावून, नवं लुगडं नेसून, पाहुण्यांची वाट पाहत. कुडाच्या पलीकडून काहीतरी खरखरत कापल्याचा आवाज आला होता, आणि काकीनं दात आवळून घेतलेला श्वास. तिनं काय चाललंय म्हणून विचारलं नव्हतं. उठून पाहिलंही नव्हतं. लुगड्याच्या घड्या मोडतील, असं त्या वेळी मनात आलं होतं. ते आठवलं की अजूनही तिला भात गोड लागत नसे. पण आज सासरा पुढ्यात बसला होता, आणि पोटात त्याचा नातू होता.

ती पाय दाबत राहिली.

*

उन्हं खिडकीतून आडवी आली तेव्हा डॉक्टर आले. मागं कंपाउंडर, हातात कागद आणि शाईचं पॅड. केवळराम उठून उभा राहिला. रंभा दाराच्या फळीआड गेली. रुखमाबाई दाराच्या अलीकडे; धाकटी आणि नानाजी यांच्या मधली जागा तिचीच.

"कोण हे?"

"माह्ये इवाई, साहेब. पोरीचे सासरे," नानाजी म्हणाला.

"मग त्यांनाही कळू द्या. उद्या गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. दुसरा इलाज उन्हाळ्यात करून झाला, प्लास्टर पूर्ण दिवस राहूनही उपयोग झाला नाही."

केवळराम बाजारातला माणूस. हिशोब चुकला की त्याच्या कपाळाला आठी पडे. ती पडली.

"माफ करा साहेब. कोनतं प्लास्टर?"

"उन्हाळ्यातलं. पावसात गळालं ते."

"मी यायच्या घरी पोरगी पाहाले गेलो, तवा मिरग भी लागला नोता. पाऊस कुठी होता? हे तर बाजेवर पाय सोडून बसले होते, वरून धोतर. प्लास्टर मले नाई दिसलं. मले वाटलं, पाय बरा झाला."

सुकलू कुरकुरायचं विसरला.

डॉक्टरांनी नानाजीकडे पाहिलं. नानाजीनं लटारूकडे.

"होतं ना!" लटारू घाईघाईनं म्हणाला. "धोतराखाली होतं, इवाईभाऊ. बारीक बांधलं होतं साहेबानं. तुमी पोरगी पाहाले आले होते का मायी तंगडी?" तो हसला. त्याच्याशिवाय कुणी हसलं नाही. "साहेब, अंगठा घ्या भाऊचा. अंधार पडून राह्यला."

अंधार पडायला अवकाश होता. खोटं कुठंतरी आहे, हे डॉक्टरांना दिसत असावं; पण कुणाच्या घरातलं खोटं उचकटायला ते आले नव्हते, आणि पुढच्या वॉर्डात आणखी रोगी होते. त्यांनी कंपाउंडरला खूण केली. पॅड उघडलं. नानाजीचा अंगठा निळा झाला.

दाराआडून रंभेचे शब्द आले, रुखमाबाईच्या कानाच्या अगदी जवळ. "बाई. सांगा."

रुखमाबाईनं तोंड उघडलं. समोर प्रेमिला होती, जमिनीवर बसलेली, पोटावर हात. तिच्या मागं केवळराम, कपाळावर तीच आठी. आयुष्यभर धाकटीचे शब्द पुढं नेणाऱ्या बाईच्या तोंडून या शब्दांच्या जागी दुसरेच बाहेर आले.

"साहेब, धाकटी इचारून राह्यली... पाय कापल्यावर बहुत दुखते का म्हून."

"सुरुवातीला दुखेल," डॉक्टर म्हणाले. "औषध देऊ."

नानाजी कागदावर वाकला.

"मी थे नाई इचारलं."

आवाज खर्जातला होता, थोडा बसका. नानाजीला कळेना कोण बोललं. त्यानं मान वर केली. दाराच्या फळीपुढं रंभा उभी होती. पदर डोक्यावर होता, हनुवटीपर्यंत नव्हता. भावजयीचा चेहरा त्यानं असा समोरून कधी पाहिलाच नव्हता. त्याचाच चेहरा खाली झाला.

"रंभे!" लटारू खाटेवरून उठायला धडपडला. "शपत हाये तुले! मायी शपत हाये!"

"राहू द्या तुमची शपत. तुमी राह्यले तर शपत." ती डॉक्टरांकडेच पाहत होती, दुसरीकडे पाहिलं तर बोलणं तुटेल अशी. "गळलं नाई, साहेब. कापलं. महिना भी झाला नोता तवा, घरी, विळ्यानं कापलं. पोरीले पाहाले पाहुने येऊन राह्यले होते. वासानं महारोग म्हनतीन, म्हून कापलं. बाईनं कापलं अन् मी पाय धरला."

प्रेमिलेनं तोंडात पदर कोंबला. केवळराम हळूहळू खाटेच्या कडेवर बसला. रुखमाबाई भिंतीला टेकून खाली बसली, आणि तिला उठवायला कुणीही पुढं झालं नाही.

"आत काय दिसलं?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. "काळं होतं? पू होता?"

"सडलं नोतं, साहेब," रंभा म्हणाली. "वासच तेवढा होता. आत लाल होतं. पाय भरून येत होता. आमीच थे घासून काढलं."